ऋतूंचा शृंगार आणि प्रसाधनाचा नित्यनेम

वेषभूषा ऋतूबरोबर पालटावी आणि शरीराच्या निगेस रोजचा एक ठराविक क्रम असावा, या दोन्ही गोष्टी पश्चिमेकडील शहरांनीं जगाला शिकविल्या, असा समज पुष्कळ सुशिक्षित घरांतून आढळतो. दुकानांच्या कांचेआड दर हंगामाला नवें कापड आणि नव्या कुप्या मांडलेल्या दिसतात, तेव्हां तसें वाटणें स्वाभाविकही आहे. परंतु आपल्याकडील जुने ग्रंथ उघडून पाहिले म्हणजे हा समज टिकत नाहीं. काव्य, वैद्यक, धर्मशास्त्र, ज्योतिष, राजनीति अशा निरनिराळ्या विषयांच्या ग्रंथांतून या प्रश्नाचा विचार केलेला आहे, आणि तो वरवरचा नाहीं.

प्रथम काव्याकडे वळावें. कालिदासानें ‘मेघदूता’च्या उत्तरार्धांत अलका नगरींतील स्त्रियांचें वर्णन केलें आहे. त्यांच्या हातांत शरदांतलें कमळ आहे, केसांत हेमंतांतला कुंद आहे, मुखावर शिशिरांतल्या लोध्राच्या फुलांचा पराग आहे, अंबाड्यांत वसंतांतला कुरबक, कानावर ग्रीष्मांतलें शिरीष आणि भांगांत वर्षाकाळचा कदंब आहे. साऱ्या वर्षाचें पंचांगच त्या एका शृंगारांत गुंफलेलें आहे. अलका ही देवयोनींची नगरी असल्यामुळें तेथें सहाही ऋतु एकदम नांदतात. माणसांच्या नगरींत ज्या ऋतूंत जें फुलेल तेंच माळावयाचें. ही मर्यादा वाचकांच्या परिचयाची होती, म्हणूनच कवीच्या कल्पनेंत त्यांना चमत्कार वाटत असे.

माणसांच्या नगरींतील सुखवस्तु गृहस्थाचा दिवस कसा जात असे, याचें चित्र वात्स्यायनानें रेखाटलें आहे. त्याचा काळ सामान्यतः इ. स. च्या तिसऱ्या शतकाच्या सुमाराचा धरतात. त्याचा ‘नागरक’ म्हणजे शहरांत राहणारा, कलांची आवड असलेला आणि हातीं पैसा असलेला गृहस्थ. तो सकाळीं उठून प्रातर्विधि आटोपतो, दांत घांसतो, अंगाला बेताची उटी लावतो, धूप घेतो व माळ घालतो. ओठांस मेण व अळिता लावून तो आरशांत पाहतो, मग सुगंधी विडा तोंडांत धरून कामास लागतो. स्नान रोज, अंग रगडून घेणें एक दिवसाआड, फेसाचें द्रव्य तिसऱ्या दिवशीं, श्मश्रु चौथ्या दिवशीं, आणि अंगावरील इतर केस काढणें पांचव्या किंवा दहाव्या दिवशीं, असें वेळापत्रकच त्यानें घालून दिलें आहे. या क्रमांत खंड पडूं नये असेंही तो बजावतो. ओठ रंगविणारा हा गृहस्थ पुरुष आहे, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. प्रसाधन हा केवळ स्त्रियांचा विषय आहे, ही समजूत त्या काळीं नव्हती.

वात्स्यायनाचा नियम शोभेसाठीं होता, तर वैद्यांचा आरोग्यासाठीं होता. चरकसंहितेंत केस, दाढी व नखें पंधरवड्यांतून तीन वेळां कापावीं असें सांगितलें आहे. सुमारें सातव्या शतकांतील वाग्भटानें ‘अष्टांगहृदया’च्या आरंभींच एक अध्याय दिनचर्येला आणि त्यापुढील अध्याय ऋतुचर्येला दिला आहे. पहाटे उठणें, खैर, करंज, वड अशा झाडांच्या काडीनें दांत घांसणें, डोळ्यांत रोज अंजन घालणें, अंगास तेल लावणें, व्यायाम, उटणें आणि स्नान असा त्याचा क्रम आहे. तेल सर्वांगाला तर लावावेंच, पण विशेषेंकरून डोकें, कान व तळपाय यांना लावावें असें तो सांगतो. डोक्यावरून मात्र ऊन पाणी घेऊं नये, त्यानें केसांचें व डोळ्यांचें बळ कमी होतें, असा त्याचा इशारा आहे.

याच ग्रंथांत पुढें मुखलेपाचें प्रकरण येतें, आणि तें आजच्या वाचकालाही नवल वाटावें असें आहे. वाग्भटानें सहा ऋतूंना सहा लेप सांगितले आहेत. हेमंतांत बोराच्या आठळींतील गर, अडुळशाचें मूळ, लोध्र आणि पांढरी मोहरी. शिशिरांत डोरलीचें मूळ, काळे तीळ, दारुहळदीची साल आणि कोंडा काढलेले जव. वसंतांत दर्भाचें मूळ, चंदन, वाळा, शिरीष, बडीशेप आणि तांदूळ. ग्रीष्मांत कुमुद, कमळें, दूर्वा, ज्येष्ठमध आणि चंदन. वर्षाकाळीं तीळ, वाळा, जटामांसी, तगर इत्यादि, आणि शरदांत तालीसपत्र, ज्येष्ठमध, अगुरु इत्यादि. थंडीच्या लेपांत मोहरी, तीळ यांसारखीं स्निग्ध व उष्ण द्रव्यें आहेत, उन्हाळ्याच्या लेपांत पाण्यांत वाढणारीं व दाह शमविणारीं आहेत. म्हणजे यादी लहरीनें केलेली नसून हवेकडे पाहून केलेली आहे.

लेप कसा लावावा हेंही तो विसरत नाहीं. त्याची जाडी बोटाच्या रुंदीच्या पावापासून निम्म्यापर्यंत असावी. तो वाळूं देऊं नये, कारण वाळलेला लेप कांति बिघडवितो. काढतांना तो पुन्हा ओला करावा आणि नंतर तोंडास तेल लावावें. लेप असतांना झोंपूं नये, बोलूं नये, विस्तवाजवळ किंवा उन्हांत बसूं नये, आणि शोक किंवा क्रोध करूं नये. यांतील शेवटची अट पाळणें सर्वांत कठीण खरें, पण तोंडाच्या कांतीचा मनाशीं संबंध आहे हें वैद्याला ठाऊक होतें, एवढें तींतून दिसतें.

वस्त्रांच्या बाबतींतही तीच दृष्टि आहे. हेमंतांत केशर-कस्तुरीची उटी, अगुरूचा धूप आणि ऊबदार पण हलकीं पांघरुणें. वसंतांत कापूर, चंदन, अगुरु व केशर यांचें मिश्रण. ग्रीष्मांत चंदन, मोगऱ्याच्या माळा आणि तलम, हलकीं वस्त्रें. पावसाळ्यांत वस्त्रें धूप देऊन वापरावीं आणि अनवाणी चालूं नये. पावसाळी दिवसांत दमट कपड्यांना जो कुबट वास येतो तो ज्यांनीं अनुभविला आहे, त्यांना धूप कशासाठीं तें सांगावयास नकोच. शरदांत पांढरीं वस्त्रें, मोत्यांच्या माळा, वाळा-चंदनाची उटी आणि सायंकाळीं गच्चीवरचें चांदणें. त्यांतही एक शहाणपणाची सूचना आहे. सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येत्या ऋतूचे पहिले सात दिवस मिळून ऋतुसंधि होतो. या पंधरवड्यांत जुना नियम हळूहळू सोडावा आणि नवा हळूहळू धरावा. एका दिवसांत सारा वेष पालटणें वैद्याला मान्य नव्हतें.

कापड धुण्याचा विचार धर्मशास्त्रकारांनीं केला. मनूनें रेशमी व लोकरी वस्त्रांस खारी माती, घोंगड्यांस रिठा, अळशीच्या सुताच्या वस्त्रांस पांढरी मोहरी, अशी कापडाच्या जातीप्रमाणें निरनिराळी धुलाई सांगितली आहे. रिठ्याचा उपयोग घरोघरच्या पेटींतील शालूंसाठीं पुढें शतकानुशतकें चालू राहिला, तो उगीच नव्हे.

सहाव्या शतकांतील ज्योतिषी वराहमिहिर यानें ‘बृहत्संहितें’त सुगंधांवर एक अध्याय लिहिला आहे, आणि त्याचा आरंभ केसांच्या कलपापासून केला आहे. केस पांढरे झाले म्हणजे माळा, गंध, वस्त्रें, अलंकार कांहींच शोभत नाहीं, असें त्याचें स्पष्ट मत आहे. मग तो कृति देतो. लोखंडी भांड्यांत लोहचूर्ण घालून कोद्रूचे दाणे आंबट द्रवांत शिजवावे, तो लगदा डोक्यास लावून वर ओलीं पानें बांधावीं, दोन प्रहरांनीं काढून तितकाच वेळ आंवळ्याचा लेप ठेवावा आणि मग धुवावें. लोह आणि आंवळा यांच्या संयोगानें काळा रंग येतो, ही गोष्ट त्यानें बरोबर टिपली होती. पुढें हा गणिती सोळा सुगंधी द्रव्यांतून चार चार निवडण्याचे १,८२० प्रकार मोजतो, आणि त्यांचीं प्रमाणें पालटून एकूण १,७४,७२० गंध होतात असें दाखवितो. नव्याची हौस त्या काळींही कमी नव्हती, याची साक्ष हा आंकडा देतो.

त्या हौसेचें राजवाड्यांतील रूप बाराव्या शतकांत दिसतें. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्याच्या राज्यांत महाराष्ट्राचा मोठा भाग मोडत होता, त्यानें ११३१ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. राजाच्या वीस उपभोगांत त्यानें स्नान, विलेपन, वस्त्र, माल्य, भूषण, धूप यांना स्वतंत्र स्थान दिलें आहे. त्याच्या वस्त्रभांडारांत अनहिलवाड, मुलतान, वंग, कलिंग, सिंहल, एवढेंच नव्हे तर महाचीन येथूनही कापड येत असे. त्या काळच्या वस्त्रप्रियतेनें देशोदेशींचे बाजार जोडले होते.

मग प्राचीनांची ही रीत आणि अर्वाचीन फॅशन यांत फरक कोणता? ऋतु दर वर्षीं फिरून येतो, आणि त्याच्याबरोबर तेंच चंदन आणि तेंच तलम वस्त्र पुन्हा बाहेर निघतें. फॅशन मात्र गेली कीं लगेच पुढच्या वर्षीं परत येत नाहीं. फ्रान्समध्यें चौदाव्या लुईच्या काळांत हा पालट घडूं लागला. १६७२ सालीं पॅरिसांत ‘मेर्क्यूर गालां’ हें नियतकालिक निघालें, आणि १६७८ मध्यें त्यानें त्या हंगामाच्या वेषांचीं चित्रें छापलीं. लियोंचे रेशीम विणणारे अठराव्या शतकांत वर्षावर्षाला नवे नमुने काढूं लागले, म्हणजे नक्कल करणारे मागें पडत आणि गतवर्षीचें वस्त्र धड असूनही जुनें ठरे. ऋतूचें नांव राहिलें, पण हुकूम हवेचा न राहतां व्यापाऱ्याचा झाला.

एवढ्यावरून प्राचीन काळ निर्दोष होता असें ठरविणें मात्र अन्यायाचें होईल. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यांत, पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतील, एक प्रसिद्ध प्रसाधनचित्र आहे. राजस्त्री आरशांत पाहत आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंस दासी उभ्या आहेत. पाहणाऱ्याचें लक्ष आरशाकडे जातें, दासींच्या हातांकडे क्वचितच जातें. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकांत पाटलिपुत्राचा एक संवाहक येतो. अंग रगडण्याची विद्या तो कला म्हणून शिकला, आणि पुढें तीच त्याच्या पोटाचा धंदा होऊन बसली, हें तो विषादानें सांगतो. धनी निर्धन झाल्यावर तो जुगाराच्या नादीं लागतो आणि अखेर भिक्षु होतो. नागरकाच्या एक दिवसाआडच्या सुखामागें असा एखादा मनुष्य उभा असे.

याहून हृदयाला भिडणारा प्रसंग महाभारताच्या विराटपर्वांत आहे. अज्ञातवासांत द्रौपदी सैरंध्री होऊन राणी सुदेष्णेच्या पदरीं राहिली. केस बांधणें, उट्या वाटणें, माळा गुंफणें हें तिचें काम. कीचकानें भर सभेंत तिचा अपमान केल्यावर ती रात्रीं भीमाकडे जाते, आणि आपलें दुःख सांगतां सांगतां आपले हात त्याच्यापुढें करते. चंदन उगाळून उगाळून त्यांना घट्टे पडलेले असतात. दुसऱ्या कोणीं उगाळलेलें चंदन विराट राजाला आवडत नाहीं, म्हणून तें तिलाच उगाळावें लागतें. ते हात स्वतःच्या मुखाशीं नेऊन भीमासारखा वीर रडतो. ग्रीष्मांतील चंदनाच्या शीतलतेविषयीं शेंकडों श्लोक रचले गेले, पण तें चंदन कोणाच्या हातांनीं उगाळलें जातें, हें व्यासांनीं या एका प्रसंगांत कायमचें लिहून ठेविलें आहे.

सुदैवानें हा नित्यनेम राजवाड्यांत कोंडून राहिला नाहीं. महाराष्ट्रांतील साध्या घरांनीं तो आपल्या ऐपतीप्रमाणें जतन केला. दिवाळींत थंडीच्या तोंडावर पहाटे तेल आणि उटणें लावून केलेलें अभ्यंगस्नान, संक्रांतीला ऊब धरणारी काळी चंद्रकळा आणि तीळ, चैत्राच्या हळदीकुंकवाला हातांवर चंदन, गुलाबपाणी आणि ओंजळींत मोगऱ्याचीं फुलें, ही सारी ऋतुचर्याच आहे. वाग्भटाचें नांवही न ऐकलेल्या आयांनीं आणि आज्यांनीं ती चालविली. तिला दासी लागली नाहीं कीं महाचीनचें कापड लागलें नाहीं. आई मुलाला तेल लावी, बहीण भावाला उटणें लावी, आणि सहाणेवर गंध उगाळणारे हात घरचेच असत.

नवें वस्त्र घेण्यांत किंवा नवी कुपी आणण्यांत कांहीं पाप नाहीं. वराहमिहिराचे पावणेदोन लक्ष गंध पाहतां ती हौस माणसाच्या स्वभावांतच आहे असें म्हणावें लागतें. मात्र वस्तु घेण्यापूर्वीं दोन गोष्टी मनांत आणाव्या. ही वस्तु बाहेरच्या हवेला आणि आपल्या शरीराला मानवणारी आहे कीं नाहीं, ही पहिली. ती आपल्यासाठीं कोणाचे हात झिजवून आली आहे, ही दुसरी. पहिलीचें उत्तर वैद्यांनीं बाराशें वर्षांहून अधिक काळापूर्वीं देऊन ठेविलें आहे. दुसरीचें उत्तर ज्यानें त्यानें आपल्या घरीं द्यावयाचें आहे.