कोठीवाचून बेगमी

पन्हाळ्याच्या अंबारखान्यातील गंगा, यमुना आणि सरस्वती ह्या धान्याच्या प्रचंड कोठ्या पाहिल्या, म्हणजे जुन्या राज्यकर्त्यांनी साठवणुकीला केवढे महत्त्व दिले होते हे ध्यानी येते. आणि गडावर जे कार्य अंबारखाना करी, तेच गावातील वाड्यात कोठीघर, भिंतीतले बळद आणि जमिनीखालचे पेव करीत असे. परंतु ज्या घराला मुळी कोठीच नव्हती, त्याने वर्षाची तरतूद कशी केली, हा प्रश्न मला अंबारखान्याच्या इतिहासाहूनही मोलाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर मुंबईच्या चाळींत आहे.

कावसजी दावर यांची सूतगिरणी १८५६ मध्ये ताडदेवला चालू झाली, तिच्यामागून गिरण्यांची रांग उभी राहिली, आणि कोकणातली व घाटावरची माणसे लालबाग-परळच्या एकेका खोलीत येऊन वसली. पुढे १९२० मध्ये सरकारने विकास खाते स्थापून वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे बी.डी.डी. चाळींच्या २०७ इमारती बांधल्या, त्यांतही एका बिऱ्हाडाच्या वाट्याला सुमारे १६० चौरस फुटांची एक खोली आली. त्याच खोलीत निजणे, रांधणे, मोरीवर भांडी घासणे आणि आल्यागेल्याचा पाहुणचार. जमीन अशी माणसांनीच व्यापल्यावर गृहिणीने धान्य भिंतीवर चढवले.

फळी हीच त्या घरची कोठी होती. गावाकडची शेणाने सारवलेली कणगी येथे निरुपयोगी ठरली, कारण ती गोल आणि अवजड, शिवाय उंदराला सहज कुरतडता येणारी. तिची जागा घासलेटच्या रिकाम्या चौकोनी डब्याने घेतली, ज्याला पत्र्याचे काम करणारा कारागीर डाख लावून झाकण बसवून देई. चौकोनी डबे एकास एक लागून बसतात, त्यांच्यामध्ये वीतभरही जागा वाया जात नाही, आणि पत्र्यापुढे उंदराचे काही चालत नाही. ह्या शेवटच्या गुणाचे महत्त्व मुंबईला निराळे सांगावे लागत नव्हते, कारण १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला तो मांडवीत, बंदरालगतच्या धान्याच्या वखारींच्या वस्तीत. फळीच्या खाली, खाटेच्या पोकळीत, तांदळाचे पोते आणि पत्र्याची पेटी. वर आढ्याला शिंके, त्यात दूध-दही मांजराच्या आवाक्याबाहेर. आणि ऐपत असेल तेथे जाळीचे कपाट, ज्याचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे असत, म्हणजे मुंगीला वर जायला वाट उरत नसे.

जागेची ही उणीव गृहिणीने काळाच्या नियोजनाने भरून काढली. चैत्र-वैशाखात चाळीची गच्ची आणि सज्जा हेच सर्वांचे सामाईक वाळवण होई. एका बिऱ्हाडाच्या कुरडया, सांडगे, पापड यांची राखण दुसऱ्या बिऱ्हाडाची मुले करीत. तूरडाळ उन्हात कडकडीत वाळवून एरंडेल तेलाच्या हाताने चोळली जाई, कारण ओलावा गेला आणि दाण्यावर तेलाचा पातळ थर बसला, की किडीला वाढायला वाव राहत नाही. तांदळात बिब्बे किंवा कडुनिंबाचा पाला पडे. कैरीचे लोणचे घालायचे तर फोडी पुसून कोरड्या करायच्या, चिनी मातीची बरणी उन्हात तापवायची, मसाला चढला की तेल कडवून पूर्ण निववायचे आणि फोडींच्या वर चार बोटे उभे राहील इतके ओतायचे; मग तोंडाला स्वच्छ फडक्याचा दादरा घट्ट बांधायचा, आणि पुढे वर्षभर ओला चमचा आत जाऊ द्यायचा नाही. मीठ फोडीतले पाणी ओढून घेते आणि तेल हवा रोखते, हे शास्त्र त्या बायांनी पुस्तकावाचून हस्तगत केले होते. मृगापूर्वी आगोटीची ही बेगमी पुरी झाली नाही, तर घरातील वडीलधारी बाई अस्वस्थ होई.

तरीही खोलीत मावेल तेवढेच खोलीत राही. खरी कोठी गावी होती. मे महिन्यात कोकणात गेलेला चाकरमानी बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरे, पुढच्या काळात एस.टी.ने येई, तेव्हा त्याच्याबरोबर तांदूळ, कुळीथ, कोकम आणि फणसपोळी येत, म्हणजे शेकडो मैलांवरच्या घराचा साठा परळच्या फळीवर चढे. उरलेली भिस्त वाण्याच्या खात्यावर, जे पगाराच्या दिवशी चुकते व्हायचे. आणि एकटे गिरणीकामगार खाणावळवालीच्या चुलीवर अवलंबून असत, तिचीही एकच खोली असे. १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले, तेव्हा ही सारी घडी विसकटली: ज्या बाईने वर्षाचा विचार करण्याची सवय लावून घेतली होती, तिला सरकारने ठरवून दिलेल्या मापावर दिवस काढावे लागले. तो अन्याय नव्हता, युद्धकालीन निकड होती; परंतु त्या वर्षांत तिच्या कौशल्याला काही कामच उरले नाही, हेही तितकेच खरे आहे.

आज बी.डी.डी. चाळी पाडल्या जात आहेत आणि रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे मिळत आहेत, ह्याचा आनंदच मानला पाहिजे. मात्र ज्यांच्या घरी जुनी फळी अजून शाबूत आहे, त्यांनी सामान हलवण्यापूर्वी तिच्यावर काय, कोठे आणि कोणत्या क्रमाने ठेवलेले असे, हे घरातील वृद्ध स्त्रीला विचारून तिच्याच शब्दांत लिहून ठेवावे.