नळीमासा : पित्याच्या पोटी वाढणारी पिले

प्रवाळभित्तींच्या कपारीत राहणारा नळीमासा हा घोडामाशाचा जवळचा आप्त होय. दोघांचाही समावेश सिंग्नॅथिडी या मत्स्यकुलात होतो. या कुलात सुमारे ३०० जाती असून त्यांपैकी बहुसंख्य नळीमासेच आहेत. घोडामाशाचे शरीर ताणून सरळ केले, तर जो आकार दिसेल तोच साधारणपणे नळीमाशाचा आकार.

उष्ण कटिबंधातील निळ्या पट्ट्याचा नळीमासा ही यातील एक देखणी जाती. डोरिऱ्हॅम्फस एक्सिसस हे तिचे शास्त्रीय नाव जर्मन प्राणिशास्त्रज्ञ योहान याकोब काउप यांनी १८५६ मध्ये दिले. तांबड्या समुद्रापासून मेक्सिकोच्या किनाऱ्यापर्यंत ती आढळते. लांबी जेमतेम ७ सेंटिमीटर, रंग नारिंगी, मुस्कटापासून शेपटीकडे जाणारा निळा पट्टा आणि पंख्यासारखी शेपटी, ही तिची ओळख. नर-मादी बहुधा जोडीने राहतात आणि इतर माशांच्या अंगावरील परजीवी टिपून खातात.

नळीमाशाला दात नसतात. लांब नळीसारख्या मुस्कटातून तो सूक्ष्म कवचधारी जीव क्षणार्धात ओढून घेतो. खवल्यांऐवजी शरीरावर हाडांच्या कड्यांचे चिलखत असते. त्यामुळे संरक्षण मिळते, पण पोहण्याचा वेग मंदावतो. म्हणूनच आडोसा हाच त्याचा खरा आधार ठरतो.

या कुलाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य म्हणजे गर्भधारणा नर करतो. मादी आपली अंडी नराच्या स्वाधीन करते. निळ्या पट्ट्याच्या जातीत ती नराच्या पोटाखाली वाढतात. पिले बाहेर पडेपर्यंत त्यांचा सांभाळ पिताच करतो. साहजिकच एक नर जाळ्यात सापडला, तर त्याच्यासोबत एक अख्खी वीणही नष्ट होते.

महाराष्ट्रात प्रवाळ मालवणच्या समुद्रात आढळतात. तेथील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. या कुलातील घोडामासा कोकण किनाऱ्यावर आढळतो. कोळंबीसाठी तळातून ओढल्या जाणाऱ्या बारीक आसाच्या जाळ्यांत हे मासे नकळत सापडतात. वाळवलेल्या घोडामाशांना आणि नळीमाशांना पारंपरिक चिनी औषधांसाठी मागणी असते. त्यामुळेच २००१ मध्ये हे संपूर्ण कुल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आले. आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स कराराचे नियंत्रण २००४ मध्ये घोडामाशांना लागू झाले. त्या निर्णयात नळीमाशांचा समावेश मात्र नव्हता.

समुद्राचे तापमान वाढले की प्रवाळ पांढरे पडतात. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये हे घडले. प्रवाळ मेले, की कालांतराने कपारीही ढासळतात. शिकारीस बंदी घालता येते. पण आसराच उरला नाही, तर कायदा या चिमुकल्या माशाला वाचवू शकणार नाही.