गुरुवारची संध्याकाळ

सोमवारी मॉली. मंगळवारी हेटी. बुधवारी नॅन्सी. गुरुवारी जॅकी. शुक्रवारी पॅटी. शनिवारी चार्ल्स. रविवारी एमिली आणि सुकी, दोघी एकत्र.

हे एका आईचं वेळापत्रक आहे. १७१२ साली इंग्लंडमधल्या एपवर्थ या गावातून तिने लंडनला गेलेल्या नवऱ्याला पत्र लिहिलं, त्यात ते येतं. रोज संध्याकाळी एका मुलाला जवळ बसवायचं आणि त्याच्याशी त्याच्या मनातलं, देवाधर्माचं बोलायचं, एवढंच ते आहे. आईचं नाव सुझॅना वेस्ली. गुरुवारचा जॅकी म्हणजे जॉन वेस्ली आणि शनिवारचा चार्ल्स म्हणजे चार्ल्स वेस्ली. पुढे याच दोन भावांच्या कामातून मेथडिस्ट पंथ उभा राहिला. आज मुंबई-पुण्यातही मेथडिस्ट चर्च आहेत.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझं कॅलेंडर रंगीत चौकोनांनी भरलेलं असतं आणि त्यातले निम्मे चौकोन दुसऱ्याच कुणीतरी टाकलेले असतात. त्यामुळे हे वेळापत्रक पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आधी त्याचा हेवा वाटला. मग आई आठवली.

मी नगरच्या ख्रिस्ती घरात वाढले. आमचा आठवडा चर्चभोवती फिरायचा. रविवारी सकाळी शब्बाथशाळा, मग उपासना. बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा. शनिवारी गाण्यांचा सराव. मधूनच महिला मंडळाची बैठक, कुणाचं लग्न, कुणाची मयत, आणि डिसेंबर लागला की कॅरलवाल्यांसाठी रात्री अकराला चहा. आई सगळीकडे असायची. पाळकसाहेब उपासनेत तिचे आभारही मानायचे. एकदा नाताळ आटोपल्यावर भांडी घासता घासता ती म्हणाली, "देवाच्या घरचं सगळं केलं गं या महिन्यात. देवाशी बोलायचं तेवढं राहिलं."

तेव्हा मी दहावीत होते. काय बोलावं ते सुचलं नाही. सुझॅनाची पत्रं वाचताना ते वाक्य पुन्हा समोर आलं, कारण तिच्यापुढेही नेमकी हीच अडचण होती. फक्त कितीतरी मोठी.

सुझॅनाचा जन्म २० जानेवारी १६६९चा, लंडनचा. वडील डॉ. सॅम्युअल अ‍ॅन्सली हे नावाजलेले धर्मोपदेशक. ती त्यांचं पंचविसावं अपत्य. १६८८ मध्ये तिचं सॅम्युअल वेस्ली यांच्याशी लग्न झालं. ते चर्च ऑफ इंग्लंडचे पाळक होते आणि पुढे एपवर्थला नेमले गेले. सुझॅनाला एकोणीस मुलं झाली. त्यातली दहा जगली.

घरात पैसा टिकत नसे. १७०५ साली सॅम्युअल कर्जापायी लिंकनच्या किल्ल्यातल्या तुरुंगात गेले. यॉर्कचे आर्चबिशप जॉन शार्प यांनी सुझॅनाला विचारलं, घरात कधी भाकरीची वाण पडली का? तिचं उत्तर असं होतं की उपाशी अशी कधी राहिले नाही. पण भाकरी मिळवताना इतकी काळजी आणि खाल्ल्यावर तिचे पैसे फेडताना इतका घोर, की घास गोड लागत नाही. मध्यमवर्गीय घरात ईएमआयची तारीख ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे उत्तर समजावून सांगावं लागणार नाही.

आणि मग आग. ९ फेब्रुवारी १७०९च्या रात्री पाळकांचं घर जळून गेलं. पाच वर्षांच्या जॉनला खिडकीतून बाहेर काढलं. सगळे वाचले, घर, पुस्तकं, कागद काही उरलं नाही. नवं घर बांधून होईपर्यंत मुलं वेगवेगळ्या घरी वाटली गेली. ती परत आली तेव्हा सुझॅनाच्या लक्षात आलं, की तिने लावलेली शिस्त विसकटली आहे. मुलांची बोली बदलली होती, सवयी बदलल्या होत्या.

या शिस्तीबद्दल थोडं सांगायला हवं. सुझॅना घरातच शाळा चालवायची. मूल पाच वर्षांचं झालं की एका दिवसात त्याला सगळी मुळाक्षरं शिकवायची. त्या दिवसासाठी आदल्या दिवशी घर आवरून ठेवायचं, प्रत्येकाला काम नेमून द्यायचं, आणि नऊ ते बारा व दोन ते पाच या वेळात त्या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही. आपण हल्ली मोबाइलवर 'डू नॉट डिस्टर्ब' लावतो, त्याची ही अठराव्या शतकातली आवृत्ती. मुलींच्या बाबतीत तिचा एक नियम मला फार आवडतो: नीट वाचता येईपर्यंत कुठल्याही मुलीला घरकामाला लावायचं नाही. पण याच बाईने असंही लिहिलं आहे, की वर्षाची होताच मुलांना छडीची भीती घालून हळू आवाजात रडायला शिकवलं. हे वाचताना पोटात कालवतं. तिच्या काळात ते चालायचं, हे खरं. तरी ते लपवून तिची आरती ओवाळण्यात अर्थ नाही.

तर, विसकटलेलं घर, डोक्यावर कर्ज, आठ मुलं हाताशी. अशा वेळी तिने आठवड्याच्या सात संध्याकाळी मुलांना वाटून दिल्या. का? याचं उत्तर तिने स्वतः दिलं आहे, आणि ते उत्तर थेट आपल्या देशात येऊन पोचतं.

१७०६च्या जुलैमध्ये तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीला दोन जर्मन तरुण उतरले: बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग आणि हाइन्रिख प्ल्युत्शाउ. तरंगंबाडी तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं आणि डेन्मार्कच्या राजाने त्यांना मिशनरी म्हणून पाठवलं होतं. झीगेनबाल्ग तमिळ शिकला, पुढे त्याने नव्या कराराचं तमिळ भाषांतर केलं. त्यांच्या कामाचा वृत्तान्त इंग्रजीत छापला गेला, आणि त्याची एक प्रत एपवर्थला सॅम्युअलच्या अभ्यासिकेत पोचली. थोरल्या एमिलीला ती सापडली. तिने ती आईला वाचून दाखवली.

सुझॅना हलून गेली. कितीतरी दिवस तिला दुसरं काही बोलायला सुचेना. त्या भरात ती काय ठरवेल असं आपल्याला वाटतं? काहीतरी मोठं. निधी गोळा करणं, मंडळ काढणं. तिने विचार केला तो असा: मी पुरुष नाही, पाळक नाही, मला तिकडे जाता येणार नाही, पण आज करते आहे त्याहून थोडं जास्त मला नक्की करता येईल. आणि तिने सुरुवात स्वतःच्या मुलांपासून केली. रोज एक मूल, एक संध्याकाळ.

मला इथे थांबावंसं वाटतं. आपल्याकडे कुणाला आध्यात्मिक ओढ लागली की यादी लांबते. आणखी एक सभा, आणखी एक उपवास, आणखी एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. सुझॅनाने यादीत नवं नाव घातलं नाही. जी माणसं आधीच तिच्या पदरात होती, त्यांच्याकडे एकेकटं बघायचं ठरवलं. आठ मुलांची आई रोज आठही मुलांबरोबर असतेच. पण सगळ्यांबरोबर असणं म्हणजे एखाद्याबरोबर असणं नव्हे. हा फरक तिला तरंगंबाडीच्या त्या कागदांनी दाखवला.

सोशल मीडियावर सुझॅनाची एक गोष्ट फिरते: ती स्वयंपाकघरात अ‍ॅप्रन डोक्यावर घेऊन प्रार्थना करायची आणि तेव्हा मुलं तिला हाक मारायची नाहीत. गोष्ट गोड आहे. पण मला तिची पत्रं जास्त महत्त्वाची वाटतात, कारण त्यांत ती फक्त शांत बसलेली दिसत नाही, भांडतानाही दिसते.

१७११-१२च्या हिवाळ्यात सॅम्युअल चर्चच्या धर्मसभेसाठी लंडनला होते. गावातली उपासना इन्मन नावाच्या सहायक पाळकाकडे होती. रविवारी संध्याकाळी सुझॅना मुलं आणि नोकरांना जमवून प्रार्थना म्हणायची, एखादं प्रवचन वाचून दाखवायची. नोकर पोराने आपल्या आईबापांना सांगितलं, तेही आले. मग शेजारी आले. तीस झाले, चाळीस झाले, आणि एक रविवार असा आला की दोनशेच्या वर माणसं आली आणि जागा नाही म्हणून कित्येक परत गेली.

इन्मनने लंडनला तक्रार केली. सॅम्युअलनी बायकोला लिहिलं: हे लोकांत वेगळं दिसतं, तू स्त्री आहेस, आणि माझ्या पदाचा विचार कर. वाचन दुसऱ्या कुणाकडून तरी करून घे.

सुझॅनाचं ६ फेब्रुवारी १७१२चं पत्र या आक्षेपांना एकेक करून उत्तर देतं. स्त्री आहे, हे मान्य. पण तुम्ही नसताना या घरातल्या प्रत्येक जिवाची जबाबदारी माझ्यावर सोपवलेली आहे. वेगळं दिसतं? हल्ली देवाचं काहीही मनापासून केलं तर वेगळंच दिसतं. दुसऱ्याने वाचावं? या शेतकऱ्यांत असा कुणी नाही, जो अडखळत अक्षरं जुळवल्याशिवाय प्रवचन वाचू शकेल. त्याच महिन्यातल्या पुढच्या पत्रात तिने आकडेच दिले: पूर्वी चर्चच्या संध्याकाळच्या उपासनेला वीस-पंचवीस माणसं यायची, आता दोनशे ते तीनशे येतात.

आणि शेवटी तिने एक मागणी केली. ही सभा बंद करायची असेल तर 'मला असं वाटतं' एवढं लिहू नका. स्पष्ट आज्ञा द्या. म्हणजे देवाच्या न्यायासनापुढे आपण दोघं उभे राहू, तेव्हा हे काम सोडल्याचा दोष माझ्यावर येणार नाही.

ऑफिसात तोंडी सूचना आली की अनुभवी माणसं म्हणतात, "मेल करा." सुझॅनाने तेच केलं, फक्त तिने सीसीमध्ये देवाला ठेवलं. सॅम्युअलनी तशी आज्ञा दिली नाही. ते परत येईपर्यंत सभा चालू राहिल्या.

इथवर ही यशाची गोष्ट वाटते. मुलं महापुरुष झाली, चार्ल्सने सहा हजारांहून जास्त भक्तिगीतं लिहिली, आईचं सार्थक झालं. चर्चमध्ये मदर्स डेला ती अशीच सांगितली जाते. पण वेळापत्रकात मंगळवारही होता.

मंगळवारची हेटी भावंडांत फार हुशार. लहानपणीच ग्रीक वाचायची, कविता करायची. १७२५ मध्ये ती एका माणसाबरोबर घरातून निघून गेली. त्याने लग्न केलं नाही. ती परत आली तेव्हा गरोदर होती. घाईघाईने तिचं लग्न विल्यम राइट नावाच्या प्लंबरशी लावलं गेलं. ना आवडीनिवडी जुळल्या, ना मनं. तिची बाळं जगली नाहीत. मरणाऱ्या बाळावर तिने कविता लिहिली. वडिलांनी तिला अखेरपर्यंत मनापासून माफ केलं नाही. १७२६ साली जॉनने चुकलेल्या माणसांशी दयेने वागण्यावर प्रवचन केलं. ते आपल्यालाच उद्देशून आहे, हे वडिलांना कळलं आणि ते चिडले.

म्हणजे मंगळवारच्या संध्याकाळींनी हेटीला वाचवलं नाही. हे लिहायला मला जड जातं, कारण माझ्यातल्या इंजिनिअरला इनपुट दिलं की आउटपुट हवं असतं. देवाला वेळ दिला, मुलांना वेळ दिला, तर घर सावरेल, अशी हमी आपण मनातल्या मनात मागतो. सुझॅनाच्या आयुष्यात तशी हमी कुठेच नाही. मंगळवार हेटीचा होता, कारण हेटी होती. तिचं पुढे काय होणार, यावर ते अवलंबून नव्हतं. आणि गुरुवारचा मुलगा मंगळवारच्या बहिणीसाठी बापासमोर उभा राहिला, यात त्या संध्याकाळींचा काही वाटा असेलही. सिद्ध करता येणार नाही.

जॉनचं मात्र एक पत्र आहे. १७३२ साल. तो अठ्ठावीस वर्षांचा, ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजात फेलो. त्याने आईला विनंती केली, की गुरुवारच्या संध्याकाळचा तेवढा थोडा वेळ, जो तू पूर्वी मला द्यायचीस, तो अजूनही माझ्यासाठी काढ. त्याचा मला आताही उपयोग होईल.

मी अठ्ठावीस वर्षांची आहे. हे वाक्य वाचून मी लॅपटॉप मिटला.

सुझॅना जुलै १७४२ मध्ये लंडनला गेली. बनहिल फील्ड्सच्या दफनभूमीत तिला पुरलं. त्याआधी तिने आणखी एकदा मत दिलं होतं. थॉमस मॅक्सफील्ड हा दीक्षा न घेतलेला साधा माणूस प्रवचन करू लागला, म्हणून जॉन संतापला होता. तेव्हा आईने त्याला बजावलं: सांभाळ, त्यालाही तुझ्याइतकंच देवाचं बोलावणं आहे. आधी जाऊन ऐक. जॉनने ऐकलं, आणि त्याला परवानगी दिली. स्वतःच्या स्वयंपाकघरात दोनशे माणसांपुढे प्रवचन वाचलेल्या बाईला हे कळणं साहजिक होतं.

आईला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती ऐकत होती, मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मग म्हणाली, "तिच्याकडे नोकर होते गं." खरंय. ते मी विसरलेच होते. जरा वेळाने म्हणाली, "आणि तिच्यासाठी कुणाचा वार होता?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कॅलेंडर उघडलं आणि गुरुवारी संध्याकाळी साडेसात ते आठ असा एक चौकोन भरला. टीमला तो फक्त 'बिझी' म्हणून दिसतो. पहिल्या गुरुवारी आई वीस मिनिटं गॅस सिलिंडरबद्दल बोलली. दुसऱ्या गुरुवारी तिने सांगितलं, की महिला मंडळाच्या खजिनदारपदाला या वर्षी नाही म्हटलं.

"पाळकसाहेब काय म्हणाले?"

"नाराज झाले. म्हटलं, लेखी द्या."