अनुक्रमांक ३ : दोन ग्रोशेनच्या पुस्तिकेतून दिसणारा जर्मनी

(१)
१० नोव्हेंबर १८६७. लाइपझिगमधील एका प्रकाशकाने खिशात मावतील अशा छोट्या पुस्तिकांची एक माला विक्रीस आणली. नाव होते ‘युनिव्हर्साल-बिब्लिओथेक’, म्हणजे विश्वग्रंथमाला. अनुक्रमांक १ आणि २ म्हणजे गटेच्या ‘फाउस्ट’ नाटकाचे दोन भाग. अनुक्रमांक ३ म्हणजे लेसिंगचे ‘नाथान द वाइझ’, अर्थात ‘शहाणा नाथान’. एका पुस्तिकेची किंमत दोन सिल्बरग्रोशेन. जर्मनीचा सांस्कृतिक इतिहास समजून घेण्यासाठी ही तिसरी पुस्तिका विलक्षण उपयोगी पडते. तिचा हा प्रवास. 🧵

(२)
प्रथम तारखेविषयी. गटे १८३२ मध्ये वारला, शिलर १८०५ मध्ये, लेसिंग तर १७८१ मध्येच. तरीही या थोर लेखकांचे साहित्य विशिष्ट प्रकाशकांच्या हक्कांत अडकलेले होते. गटे आणि शिलर यांची पुस्तके म्हणजे कोटा या प्रकाशनगृहाची जणू वतनदारीच. ९ नोव्हेंबर १८६७ रोजी हे हक्क संपुष्टात आले. ज्या लेखकांच्या निधनाला तीस वर्षे उलटली होती, त्यांचे साहित्य कोणालाही छापता येऊ लागले. जर्मन ग्रंथव्यवहारात या वर्षाला ‘अभिजात लेखकांचे वर्ष’ म्हणूनच ओळखतात.

(३)
या दिवसाची तयारी करून बसलेला माणूस म्हणजे आंटोन फिलिप रेक्लाम. जन्म १८०७. विशीतच त्याने लाइपझिगमधील एक वाचनालय विकत घेतले आणि १८२८ मध्ये प्रकाशनाचा व्यवसाय सुरू केला. तो उदारमतवादी होता. राजसत्तेला न रुचणारी पुस्तके छापल्यामुळे सेन्सॉरशी त्याचे खटके उडत. धर्मसंस्थेवर कठोर टीका करणारा थॉमस पेनचा ग्रंथ जर्मन भाषेत काढल्याबद्दल त्याला तुरुंगवासाची शिक्षाही ठोठावली गेली होती. म्हणजे स्वस्त पुस्तकांमागे केवळ व्यापारी हिशेब नव्हता. काही एक धारणाही होती.

(४)
हिशेब मात्र चोख होता. खिळे जुळवून तयार केलेल्या पानाचा साचा घ्यायचा, त्यातून धातूचा अखंड पत्रा ओतायचा आणि तो जपून ठेवायचा. मागणी आली की पुन्हा खिळे न जुळवता त्याच पत्र्यावरून नवी आवृत्ती काढायची. शेक्सपिअरची नाटके सुट्या पुस्तिकांत विकून रेक्लामने ही पद्धत आधीच पारखून घेतली होती. दुसरी युक्ती अधिक महत्त्वाची ठरली. संपूर्ण संच घेण्याची सक्ती नव्हती. ज्याला हवा त्याने एकच अंक घ्यावा. विद्यार्थी, शिक्षक, कारागीर, कारकून अशा सर्वांच्या घरी ग्रंथसंग्रह उभा राहू शकला, तो या सुट्या विक्रीमुळे.

(५)
अनुक्रमांक १ मध्ये भारतीय वाचकाला एक ओळखीची खूण सापडते. ‘फाउस्ट’च्या आरंभी नाटकमंडळीचा चालक, कवी आणि विदूषकी नट यांचा संवाद येतो. विल्यम जोन्सच्या इंग्रजी भाषांतरावरून गेओर्ग फोर्स्टरने १७९१ मध्ये ‘शाकुंतल’ जर्मन भाषेत आणले आणि गटे त्या नाटकाने भारावून गेला. सूत्रधार-नटीच्या प्रस्तावनेवरूनच ‘फाउस्ट’मधील हा प्रवेश सुचला, असे अभ्यासक मानत आले आहेत. दोन ग्रोशेनच्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानांत कालिदासाची सावली अशी पडलेली आहे.

(६)
आता अनुक्रमांक ३. गोटहोल्ड एफ्राइम लेसिंग हा नाटककार आणि समीक्षक. १७७० पासून तो ब्राउनश्वाइगच्या ड्यूकच्या पदरी, व्होल्फेनब्युटेल येथील प्रसिद्ध ग्रंथालयाचा ग्रंथपाल होता. तेथून त्याने ‘एका अनामिकाचे लेखांश’ प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. बायबलमधील चमत्कार आणि येशूचे पुनरुत्थान यांची त्यांत बुद्धीच्या निकषावर तपासणी होती. तो अनामिक म्हणजे दिवंगत विद्वान हेर्मान झामुएल रायमारुस. हयात असताना त्याने हे लेखन प्रसिद्ध करण्याचे धाडस केले नव्हते.

(७)
खळबळ माजली. हॅम्बुर्गचा धर्मोपदेशक योहान मेल्शिओर गोत्से लेसिंगवर तुटून पडला, लेसिंगनेही तितक्याच तिखट पत्रकांनी उत्तरे दिली. १७७८ च्या उन्हाळ्यात ड्यूकने हस्तक्षेप केला. लेसिंगला मिळालेली सेन्सॉरमुक्त प्रकाशनाची सवलत काढून घेण्यात आली. धर्मविषयक वाद छापण्याची वाट बंद झाली, तेव्हा त्याने रंगभूमीचा आश्रय घेतला. जे पत्रकातून मांडू दिले जात नव्हते, ते नाटकातून मांडायचे. १७७९ मध्ये ‘नाथान’ छापून आले. बंदीच्या पोटी जन्मलेले हे नाटक आहे.

(८)
स्थळ जेरुसलेम, काळ तिसऱ्या धर्मयुद्धाचा. नाथान हा ज्यू व्यापारी. ख्रिस्ती जमावाने त्याची पत्नी आणि सात मुलगे जिवंत जाळलेले. त्या दुःखात तीन दिवस-रात्र तो राखेत पडून असताना, एक अनाथ ख्रिस्ती अर्भक त्याच्या हाती सोपवले जाते. तो त्या मुलीला पोटच्या लेकीसारखी वाढवतो. पुढे एक तरुण टेम्पलर योद्धा तिला आगीतून वाचवतो. आणि त्या योद्ध्याला सुलतान सलाहुद्दीनने जीवदान का दिलेले असते? तर त्याचा चेहरा सुलतानाच्या हरवलेल्या भावासारखा दिसतो म्हणून. नाटकाच्या शेवटी रक्ताची नाती अशी उलगडतात की तीन धर्मांची माणसे एकाच कुटुंबाची निघतात.

(९)
नाटकाच्या मध्यावर सुलतान नाथानला पेचात टाकणारा प्रश्न विचारतो. तीन धर्मांपैकी खरा कोणता? उत्तरादाखल नाथान एक गोष्ट सांगतो. तिचा मूळ साचा इटालियन लेखक बोक्काच्चो याच्या ‘डेकॅमेरॉन’मधला. धारण करणाऱ्याला देवाचा आणि माणसांचा लाडका करणारी एक अंगठी पिढ्यान्‌पिढ्या वारशाने चालत आलेली असते. एका बापाचे तिन्ही मुलांवर सारखेच प्रेम. म्हणून तो तिच्यासारख्याच आणखी दोन घडवून घेतो. बापामागे मुले भांडत न्यायाधीशाकडे जातात. न्यायाधीश निवाडा देत नाही. प्रत्येकाने आपलीच अंगठी खरी मानावी आणि तिचा गुण स्वतःच्या वागणुकीतून सिद्ध करावा, असा तो सल्ला देतो. लेसिंगने जुन्या कथेत घातलेली मोलाची भर म्हणजे हा न्यायाधीश.

(१०)
नाथानच्या व्यक्तिरेखेमागे एक खरा माणूस उभा होता. मोझेस मेंडेल्सझोन. देसाऊमधील गरीब ज्यू कुटुंबातला हा मुलगा १७४३ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी बर्लिनला आला आणि बहुतांशी स्वतःच्या बळावर शिकून युरोपभर गाजलेला तत्त्वज्ञ झाला. लेसिंग त्याचा जिवलग मित्र. ज्या काळात ज्यूंना शहरात राहण्यासाठीही परवानगी लागे, त्या काळातली ही मैत्री. लेसिंगला आपले नाटक रंगमंचावर पाहता आले नाही. पहिला प्रयोग १७८३ मध्ये बर्लिनला झाला, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी.

(११)
आता १८६७ कडे परत. जर्मनी हे एकसंध राष्ट्र त्या वर्षी अस्तित्वातच नव्हते, ते १८७१ मध्ये झाले. राजकीय ऐक्यापूर्वी जर्मनांना जोडणारा धागा म्हणजे भाषा आणि साहित्य. ‘बिल्डुंग’ हा त्यांचा लाडका शब्द. वाचन, विचार आणि कला यांतून माणसाने स्वतःला घडवणे, असा त्याचा आशय. मराठीतील ‘संस्कार’ आणि ‘व्यासंग’ हे दोन शब्द एकत्र केले तर त्याच्या जवळ जाता येते. जर्मन ज्यू कुटुंबांनी या ध्येयावर मनापासून विश्वास ठेवला. जन्म बदलता येत नाही, पण व्यासंग तर कोणालाही करता येतो. नव्या साम्राज्यात त्यांना कायद्याने समान हक्क मिळाले आणि ‘नाथान’ हे त्यांना या समाजाने दिलेले वचन वाटू लागले.

(१२)
माला वाढत गेली. प्लेटो, कांट, इब्सेन हे सारे त्याच आकारात आणि त्याच भावात. साम्राज्याच्या नव्या चलनात वीस फेनिग ही किंमत १९१७ पर्यंत टिकली. १९१२ मध्ये रेक्लामने पुस्तके विकणारी यंत्रे आणली. त्यांची घडण पेटर बेहरेन्स या नामवंत वास्तुरचनाकाराची. नाणे टाकावे आणि पुस्तिका घ्यावी. रेल्वे स्थानके, रुग्णालये, जहाजे अशा ठिकाणी मिळून सुमारे दोन हजार यंत्रे उभी राहिली. पहिल्या महायुद्धात शंभर पुस्तिकांची पेटी आघाडीवर पाठवली जाई. खंदकातल्या चिखलातही सैनिकाच्या हाती अभिजात साहित्य पोहोचत होते.

(१३)
१९२८ मध्ये प्रकाशनगृहाची शताब्दी झाली. लाइपझिगमधील समारंभात प्रमुख भाषण केले थोमास मान यांनी. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वाचणाऱ्या जर्मनीचा तो आत्मविश्वासाचा क्षण होता. पाच वर्षांनी मान देशाबाहेर होते आणि परतण्याची वाट बंद झाली होती.

(१४)
१० मे १९३३. बर्लिनच्या ऑपेरा चौकात वीस हजारांहून अधिक पुस्तकांची होळी झाली. इतर अनेक विद्यापीठनगरांतही आगी पेटल्या. यातील अस्वस्थ करणारा तपशील असा की पुस्तके जाळण्यात पुढाकार निरक्षर जमावाचा नव्हता. तो विद्यार्थी संघटनांचा होता. काही ठिकाणी प्राध्यापकांनी भाषणे केली. लेखक एरिश केस्टनर स्वतःची पुस्तके जळताना गर्दीत उभे राहून पाहत होते. रेक्लामच्या सूचीतून हाइने, श्निट्झलर, श्टेफान त्स्वाइग अशी नावे गळाली. ‘नाथान’ जर्मन रंगभूमीवरून नाहीसा झाला.

(१५)
अपवाद एकच, तोही भेदक. नोकरीतून काढलेल्या ज्यू कलावंतांनी नाझी सत्तेच्या देखरेखीखाली ‘कुल्टुरबुंड’ ही संस्था काढली होती. तिथे कलावंत ज्यू आणि प्रेक्षकही केवळ ज्यू. १ ऑक्टोबर १९३३ रोजी तिने बर्लिनमध्ये पहिला प्रयोग केला तो ‘नाथान’चाच. लेसिंगच्या संहितेत अखेरीस सारे एकमेकांना आलिंगन देतात. या प्रयोगात मात्र इतर निघून गेले आणि नाथान रंगमंचावर एकटा उरला. पुढे या संस्थेला शिलर, मग गटे यांचीही नाटके करण्यास मनाई झाली. १९४१ मध्ये ती बंदच करण्यात आली.

(१६)
याच काळात रेक्लामच्या पुस्तिकांना एक अनपेक्षित काम मिळाले. हिटलरविरोधी गट आपली पत्रके निरुपद्रवी पुस्तकांच्या वेष्टनात दडवून देशात आणत. त्यासाठी रेक्लामचे रूप सोयीचे होते. कोणाच्याही खिशात असणाऱ्या पुस्तिकेचा संशय कोण घेणार? वरची पाने अभिजात साहित्याची, आत प्रतिकाराचा मजकूर. सेन्सॉरशी झगडलेल्या रेक्लामच्या मालेचा सेन्सॉरला चकवण्यासाठी असा उपयोग झाला.

(१७)
४ डिसेंबर १९४३ च्या पहाटे ब्रिटिश विमानांनी लाइपझिगवर बॉम्बफेक केली. मुद्रक-प्रकाशकांची बहुतांश वसाहत बेचिराख झाली आणि रेक्लामचा ग्रंथसाठा जळून गेला. युद्ध संपल्यावर, ७ सप्टेंबर १९४५ रोजी, उद्ध्वस्त बर्लिनमध्ये डॉइचेस थिएटर पुन्हा उघडले ते ‘नाथान’ने. भूमिका पाउल व्हेगेनर यांची. याच नटाने त्याच वर्षीच्या जानेवारीत झळकलेल्या ‘कोलबेर्ग’ या नाझी प्रचारपटात काम केले होते. ज्या शहरातले ज्यू ठार झाले वा परागंदा झाले, तिथे एका ज्यूच्या शहाणपणाला टाळ्या मिळाल्या. त्या टाळ्यांत पश्चात्ताप किती आणि सोयीस्कर विस्मरण किती, हे वेगळे काढणे अवघड आहे.

(१८)
देश दुभंगला तसे प्रकाशनगृहही. लाइपझिगचे रेक्लाम पूर्वेकडे राहिले, १९४७ मध्ये पश्चिमेकडे श्टुटगार्टला दुसरे उभे राहिले. आज जर्मन विद्यार्थ्यांच्या दप्तरात दिसणारे पिवळे मुखपृष्ठ १९७० मधले, पश्चिमेचे. मूळ लाइपझिगची शाखा २००६ मध्ये बंद झाली. बर्लिनच्या त्या चौकात आता जमिनीखाली एक पांढरी खोली आहे. काचेतून आत पाहिले की वीस हजार पुस्तके मावतील इतकी रिकामी फडताळे दिसतात. मिखा उलमान या इस्रायली शिल्पकाराची ही रचना १९९५ मधली आहे.

(१९)
मग वाचनाने नेमके काय साधले? बर्लिनमध्ये जन्मलेले ज्यू इतिहासकार गेर्शोम शोलेम यांनी १९६० च्या दशकात बोचरी भूमिका मांडली. ज्याला जर्मन-ज्यू संवाद म्हणतात तो कधी झालाच नाही, ज्यू बोलत राहिले आणि पलीकडून उत्तर आले नाही. हे मत सर्वांना मान्य नाही. लेसिंग आणि मेंडेल्सझोन यांची मैत्री खोटी नव्हती. पण एक गोष्ट नाकारता येत नाही. पुस्तक वीस फेनिगला घरोघरी पोहोचवता येते, त्यातला न्यायाधीशाचा सल्ला मात्र प्रत्येक वाचकाला स्वतःच आचरावा लागतो. ‘नाथान’ कपाटात असणे आणि शेजारच्या ज्यू कुटुंबाच्या दारावर थाप पडली तेव्हा दार उघडून बाहेर येणे, या दोहोंतले अंतर जर्मनीच्या इतिहासाने दाखवून दिले.

(२०)
म्हणूनच जर्मन विचारपरंपरा वाचताना दोन चुका टाळाव्यात. गटे, लेसिंग, कांट यांचा गौरव करताना १९३३ विसरणे ही पहिली. १९३३ मुळे त्या साऱ्यांना एकाच पारड्यात टाकणे ही दुसरी. वाचायला सुरुवात कुठून करावी, असा प्रश्न पडला तर अनुक्रमांक ३ घ्यावा. नाटक दोन-तीन बैठकांत वाचून होते, भाषांतरे उपलब्ध आहेत. वाचताना तीन वर्षे मनात ठेवावीत : १७७९, १९३३ आणि १९४५. संहिता तीच राहते. तिच्यापुढे बसलेले प्रेक्षक कोण होते आणि कोण नव्हते, हे पाहत गेले की जर्मनीचा इतिहास आपोआप उलगडू लागतो.