आखाती देशांत नोकरी, कोल्हापुरात घर: आयकराचा हिशेब कसा ठेवायचा?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या अनेक मुस्लिम घरांत एक तरी माणूस दुबई, सौदी, कतार, कुवेत किंवा ओमानमध्ये आहे. पगार तिकडे, आणि घरभाडे, बँकेतली ठेव, वडिलोपार्जित जागा इकडे. ‘तिकडे टॅक्स नाही, मग इकडे कशाचा?’ असे आपण सहज म्हणून जातो. हे अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे माहीत नसले की बँकेत पैसे कापले जातात, नोटीस येते किंवा घराचा व्यवहार अडकतो. म्हणून मुख्य नियम आम्ही इथे एकत्र देत आहोत.

सगळे दिवसांवर ठरते

कर कुठल्या उत्पन्नावर लागणार, हे पासपोर्ट कुठला यावर ठरत नाही. 1 एप्रिल ते 31 मार्च या वर्षात तुम्ही भारतात किती दिवस होता, त्यावर ठरते. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या वर्षात 182 दिवसांपेक्षा कमी काळ भारतात राहिला, तर तो कराच्या दृष्टीने अनिवासी (एनआरआय) ठरतो. अनिवासी माणसाने परदेशात मिळवलेल्या पगारावर भारतात कर नाही.

उदाहरण घेऊ. एखादा फिटर 28 सप्टेंबरला दुबईला गेला, तर त्याचे भारतातले 181 दिवस भरतात आणि तो अनिवासी ठरतो. तोच 10 ऑक्टोबरला गेला, तर 193 दिवस होतात. मग तो त्या वर्षापुरता निवासी, आणि मार्चपर्यंतचा दुबईचा पगारही भारतातल्या हिशेबात येतो. बारा दिवसांचा फरक, पण परिणाम मोठा. येण्याचा आणि जाण्याचा दिवस दोन्ही मोजावेत, म्हणजे वाद राहत नाही.

सुट्टीवर येणाऱ्यांनाही 182 दिवसांचीच मर्यादा आहे. मात्र ज्यांचे भारतातले उत्पन्न वर्षाला 15 लाखांपेक्षा जास्त आहे, त्यांच्यासाठी ही मर्यादा 120 दिवसांपर्यंत खाली येऊ शकते.

1961 चा आयकर कायदा जाऊन 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा लागू झाला आहे. कलमांचे क्रमांक बदलले, तरी दिवस मोजण्याचा हा मूळ नियम कायम आहे.

बँकेतली खाती

परदेशी नोकरी लागली की इथले साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. ते एनआरओ करून घ्यावे लागते. भाडे, पेन्शन अशी भारतातली कमाई त्यात जमा होते. त्यावरच्या व्याजातून बँक सेससह 31.2 टक्के टीडीएस कापते. परदेशातली कमाई पाठवण्यासाठी एनआरई खाते असते आणि त्यावरचे व्याज करमुक्त आहे.

भारताचे अमिराती, सौदी, कतार, कुवेत आणि ओमान या देशांशी दुहेरी कर टाळण्याचे करार आहेत. करारानुसार एनआरओ व्याजावरचा दर अमिरातीतल्या रहिवाशाला 12.5 टक्के, तर सौदीतल्या रहिवाशाला 10 टक्के इतका खाली येऊ शकतो. त्यासाठी त्या देशाचे टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट लागते. ते नसेल तर बँक पूर्ण दराने कापणार.

आपल्याकडे बऱ्याच घरांत व्याज वापरत नाहीत, गरजूंना देऊन टाकतात. पण दिले तरी कराच्या नजरेत ते तुमचेच उत्पन्न असते. ते रिटर्नमध्ये दाखवावेच लागते.

घरी पाठवलेले पैसे

मुलाने अम्मी-अब्बांना किंवा नवऱ्याने बायकोला घरखर्चासाठी पाठवलेल्या रकमेवर घेणाऱ्याला कर नाही. मात्र त्या पैशांची ठेव केली, तर आई-वडिलांच्या ठेवीचे व्याज त्यांच्या उत्पन्नात धरतात. बायकोच्या नावे ठेव असेल, तर व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवले जाते.

‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ हे कोणासाठी?

ही सूट फक्त निवासी माणसाला आहे. नव्या पद्धतीत अनिवासीला 4 लाखांपर्यंत कर नाही, त्यापुढे लागतो. भारतातले करपात्र उत्पन्न 6 लाख असेल, तर निवासी भावाला शून्य आणि परदेशातल्या भावाला सेससह 10,400 रुपये भरावे लागतात. शेतीचे उत्पन्न दोघांनाही करमुक्त आहे. वारशाने आलेली शेतजमीन अनिवासी ठेवू शकतो, नवी विकत घेऊ शकत नाही.

भाडे आणि घरविक्री

मालक अनिवासी असेल, तर भाडेकरूने भाड्यातून टीडीएस कापून भरायचा असतो. हे बहुतेक भाडेकरूंना ठाऊकच नसते.

भावांनी मिळून घर विकले आणि एक भाऊ परदेशात असेल, तर त्याच्या हिश्श्याला वेगळा नियम लागतो. दोन वर्षांपेक्षा जुन्या घराच्या नफ्यावर 12.5 टक्के कर, वर सेस. पण कमी कपातीचा दाखला नसेल, तर खरेदीदार सहसा नफ्यावर नाही, हिश्श्याच्या पूर्ण रकमेवर कपात करतो. म्हणून खरेदीखताआधीच आयकर विभागाकडून दाखला घ्यावा. जास्त कापलेली रक्कम रिटर्न भरूनच परत मिळते.

कायमचे परत आल्यावर

बरीच वर्षे बाहेर काढून आलेल्या माणसाला साधारण दोन-तीन वर्षे ‘निवासी, पण सामान्य निवासी नाही’ असा दर्जा मिळतो. त्या काळात परदेशातल्या ठेवींच्या उत्पन्नावर सहसा इथे कर लागत नाही. त्यानंतर मात्र जगभरातले उत्पन्न आणि परदेशातली खाती रिटर्नमध्ये दाखवावी लागतात. लपवल्यास 10 लाखांचा दंड होऊ शकतो. एनआरई खातेही परतल्यावर लगेच बदलून घ्यावे.

एवढे जपून ठेवा

पासपोर्टची शिक्के असलेली सगळी पाने (जुन्या पासपोर्टचीही), विमानाची तिकिटे, नोकरीचा करार, व्हिसा, पैसे पाठवल्याच्या पावत्या आणि दर वर्षीचा फॉर्म 26एएस, सगळे एका फाइलमध्ये ठेवा. फाइल घरी असू द्या आणि तिच्यात काय आहे ते घरातल्या बाईमाणसांनाही माहीत असू द्या, कारण नोटीस आली तर ती याच पत्त्यावर येते. रिटर्न भरताना ‘निवासी’ की ‘अनिवासी’ हा रकाना दिवस मोजूनच भरा, आणि घर-जमिनीचा व्यवहार असेल तर सही करण्याआधी सीएला विचारा.