युफोर्बिया मिली : एका काटेरी झुडुपाचा इतिहास

शेजारच्या एखाद्या गच्चीवर आपण हें झुडूप खास पाहिलें असेल. बोटाएवढ्या करड्या फांद्या, त्यांवर सुईसारखे काटे, शेंड्याशीं थोडीं पानें आणि कुंकवाच्या टिकल्यांसारख्या लाल फुलांचे झुबके. याचें शास्त्रीय नांव युफोर्बिया मिली. या दोन शब्दांत दोन माणसें दडलेलीं आहेत.

पहिला युफोर्बस. आफ्रिकेच्या उत्तरेस मॉरेटेनियाचा राजा दुसरा जुबा, त्याचा हा वैद्य. अ‍ॅटलास पर्वतांत सांपडलेल्या एका औषधी, चिकाळ झाडास राजानें आपल्या वैद्याचें नांव दिलें, असें रोमन ग्रंथकार प्लिनी सांगतो. पुढें १७५३ सालीं लिनीअसनें तेंच नांव साऱ्या वंशास लाविलें. आपल्या कुंपणाचा शेर याच वंशांतला. दुसरा माणूस बॅरन मिलिउस, बूर्बों म्हणजे आतांच्या रेयुनियों बेटाचा फ्रेंच गव्हर्नर. त्यानें १८२१ सालीं हें झुडूप फ्रान्समध्यें आणविलें व १८२६ सालीं दे मूलें या वनस्पतिशास्त्रज्ञानें तें त्याच्या नांवें नोंदविलें.

इंग्रजींत यास ख्रिस्ताचा काटेरी मुकुट म्हणतात. परंतु झाड मडागास्करचें. तें त्या काळीं जेरुसलेमांत कोठून येणार? लिनीअसनें ख्रिस्ताच्या काट्यांचें नांव दिलें तें बोरीच्या एका बहिणीस.

मडागास्करांत हें खडकांवर वाढतें. पाऊस सरला कीं पानें गाळून मांसल खोडांतील पाण्यावर दिवस काढतें. हें मला फार उशिरां कळलें. शाळेच्या व्हरांड्यांत याची एक कुंडी होती व पाणी घालण्याचें काम एका अबोल मुलाकडे होतें. एका उन्हाळ्यांत पानें गळलीं. मुलगा कामचुकार, असें मीं सर्वांदेखत ठरविलें आणि रोज दोन तांबे पाणी घालविलें. पंधरा दिवसांत खोड बुडाशीं कुजून आडवें झालें. चूक माझी होती. त्याची क्षमा मागण्याचें मात्र राहून गेलें.

तेव्हां ज्यांना हें लावावयाचें असेल त्यांनीं वीतभर फांदी कापावी. पांढरा चीक विषारी आहे; डोळ्यांत गेल्यास फार दाह होतो, म्हणून मुलांना दूर ठेवावें. चीक पाण्यानें धुवून फांदी चार दिवस सावलींत वाळूं द्यावी. कुंडीस खालीं भोंक हवें. मातींत निम्मी वाळू मिसळावी. ऊन भरपूर द्यावें, उन्हावांचून फुलें धरत नाहींत. (लाल दिसतात तीं खरीं फुलें नव्हेत, तीं रंगीत छदें, फूल मधोमध अगदीं चिमुकलें असतें.) माती बोटभर खोल कोरडी लागल्याखेरीज पाणी घालूं नये, आणि आपल्याकडील पावसाळ्यांत कुंडी वळचणीखालीं भिंतीशीं, पागोळ्यांपासून हातभर आंत सरकवावी.