ओढ्याच्या वरच्या अंगाला

कंदील घेऊ नका. पुढे चालणाऱ्या चुलत्यांच्या हातात तो आहे आणि त्यांनीही वात पार खाली केली आहे. 1973 च्या मे महिन्यातली रात्र. नेवासे तालुक्यातलं हे गाव तुमचंच, पण ओळखू यायचं नाही. ऊस नाही, खांबावर दिवा नाही, विहिरीत डोकावलात तर तळाचा मुरूम. तुम्ही जन्माला यायला अजून काही वर्षं आहेत. त्यामुळे कोणी तुम्हाला हटकणार नाही. खुशाल ओढ्याकडे मागोमाग चला.

चुलत्यांना नुकतं मिसरूड फुटलंय. कंदिलाशिवाय त्यांच्याकडे, छातीशी धरलेलं, तुमच्या आईच्याच लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेलं एक गाठोडं आहे. मागे तुमचे वडील, खांद्यावर कुदळ, हातात मिठाचा पुडा. दोघा भावांत एक शब्द नाही.

जरा थांबा, सकाळकडे वळा. गावाच्या वरच्या बाजूला पाझर तलावाचं काम चाललंय. बाया मुरमाच्या पाट्या उचलून भरावावर टाकतायत. दुष्काळी कामांवर त्या महिन्यात महाराष्ट्रभर जवळपास 50 लाख माणसं होती. त्यांतली एक तुमची आई, आठवा सरलेला. दुपारी मिळेल ती सुकडी, घरी अमेरिकेतून आलेल्या मिलोची लाल भाकरी. पोटातलं बाळ कालपासून हललेलं नाही. ती कोणाला सांगत नाही, कारण सांगितलं तर घरी बसवतील आणि हजेरी बुडेल. पाटी उचलल्यामुळेच बाळ गेलं, असं घरात पुढे कित्येक वर्षं म्हटलं गेलं. पाटीला दोष देणं सोपं असतं. दोन पावसाळे कोरडे गेलेल्या मुलखात बाईच्या ताटात काय पडत होतं, तिकडे कोणी बोट दाखवत नाही.

आता पुन्हा ओढ्यावर या. कमरेइतका खड्डा. आधी मीठ, मग गाठोडं, पुन्हा मीठ, मग माती. वर बोराटी आणि तिच्यावर दगड, कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. अग्नी नाही, मंत्र नाही. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला जाळायचं नाही, गावाबाहेर चांगल्या जागेत पुरायचं, हे मनुस्मृतीतही आहे; या दोघांनी ती वाचलेली नाही, त्यांनी फक्त वडीलधाऱ्यांना असंच करताना पाहिलंय. घरी परतल्यावर आजी एवढंच म्हणते, “तिला जागा सांगू नका.” त्यात दुष्टावा नाही. आजीचीही दोन अशीच गेली होती आणि तिलाही कोणी जागा सांगितली नव्हती.

तिसऱ्या दिवशी आईला पान्हा फुटतो. आजी छातीला फडकं करकचून बांधते. ते बघायला थांबू नका.

पन्नास वर्षं पुढे या, ग्रामपंचायतीत. कपाटातलं जुनं रजिस्टर मागा. जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969 चा कायदा महाराष्ट्रात 1973 पर्यंत लागू झाला होता आणि मृत जन्मही त्यात धरलेला होता. कायद्याची रचना मोठी अजब आहे. त्याच्या लेखी असं मूल जन्मलेलं असतं, पण मेलेलं नसतं, कारण मृत्यू धरायचा तर आधी जिवंत जन्मावं लागतं. म्हणून नोंद झालीच तर ती जन्माच्या बाजूला व्हायची. तुमच्या घरच्या बाळाची तीही नाही. वर्दी द्यायला कोण जाणार होतं? तहसीलच्या अभिलेख कक्षात जा, गाव नमुना 14 ही जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही काढा, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात. 2023 मध्ये कुणबी नोंदींसाठी याच बुकांवर झुंबड उडाली होती. पणजोबांची जात सापडली म्हणून माणसं पेढे वाटत होती. तुमच्या हाती काही लागत नाही. पुरल्याची जागा लिहायला तर त्या पानांवर रकानाच नाही.

तहसीलमधून निघालात की नेवाशातच प्रवरेकाठी लाडमोड नावाचं पांढरीचं टेकाड आहे, तिथे चढा. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया यांनी 1954 पासून इथे उत्खनन केलं. त्यांच्या चरात उतरा, आणखी खाली, तीन हजारांहून जास्त वर्षं मागे. हा जोर्वे संस्कृतीचा काळ. जोर्वे हे संगमनेरजवळचं गाव, याच संस्कृतीचं दायमाबाद श्रीरामपूर तालुक्यातलं, सगळं या एकाच जिल्ह्यातलं. कुडाचं घर, चोपलेली जमीन. घरातच, पायाखालच्या जमिनीत खड्डा खणलाय. हाताने घडवलेले दोन जाडेभरडे कुंभ, काठाखाली बोटांच्या ठशांची नक्षी, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले. आत तान्हं मूल. शेजारी तोटीचं भांडं, एखादा वाडगा. वर माती लोटून जमीन सारखी केली की त्याच घरात पुन्हा चूल पेटते, रांजण भरले जातात.

दोन कुंभ मिळून आईचं पोट होतं, असं काही अभ्यासकांना वाटतं. असेलही. मला साधं कारण जास्त पटतं: पोराला घराबाहेर ठेववेना. नेवाशाच्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली आणि मण्यांमध्ये ओवलेल्या धाग्याचे अंश टिकून राहिले होते. नेवासे, दायमाबाद आणि याच संस्कृतीच्या इनामगावच्या बालसांगाड्यांवर ग्वेन रॉबिन्स शुग यांनी 2011 मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. हाडांच्या लांबीवरून, दातांच्या अंकुरांवरून बाळ किती महिन्यांचं होतं ते ताडता येतं. उपासमारीच्या खुणाही वाचता येतात.

म्हणजे बघा, लाडमोडच्या बाळाचा चर ठाऊक, थर ठाऊक, खोली मोजलेली. आणि 1973 सालच्या तुमच्या भावंडाचा पत्ता एकट्या चुलत्यांच्या डोक्यात.

तेव्हा त्यांच्याकडेच जा. “तात्या, दुष्काळात आईला झालेलं बाळ कुठं ठेवलं हो?” तुम्हाला वाटलं होतं, ते गप्प बसतील. ते लगेच सांगतात: “विहिरीपासून ओढ्याकडं, वरच्या अंगाला, बोरीच्या बुडाला. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच न्हाई.”

बोर राहिलेली नाही. मुळा धरणाचं पाणी उजव्या कालव्याने आलं, जिरायत होतं ते बागायत झालं. सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, वाटण्या झाल्या, ओढा पोकलेनने सरळ केला, बांध सरकला. जुना नकाशा आणि नवा सातबारा शेजारी ठेवून, विहीर तेवढी पक्की धरून तात्या बोट टेकवतात. जागा आता भावकीच्या शेतात जाते, आणि तिथे डोक्याच्या वर ऊस उभा आहे.

आई दाराशी बसून ऐकत असते. तुम्ही तिला काही सांगण्याआधी तीच दिराला विचारते, “भाऊजी, पोरगा व्हता का पोरगी?”

“पोरगी व्हती, वहिनी.”

ती मान हलवते. मग तुमच्याकडे वळून म्हणते, “त्यांच्या उसाला तोड कधी हाय, इचारून ठिव.”